पोटखराब

बत्तीस वर्षं हा शब्द मी लिहीत आलो,
आधी शाईपेननं, मग बॉलपेननं,
शेवटी शेवटी संगणकावर, एका बोटानं.
जिथं नांगर चालत नाही त्या तुकड्यापुढं:
पोटखराब, वर्ग अ.
आकारणी निरंक.
पुढचा गट घ्या.

निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
मी स्वतःला सायकल घेतली,
गिअरची, जुनी, कोंढव्याच्या शकील तांबोळीकडून.
तो म्हणाला, काका, घाटात उतरलात तरी चालेल,
सायकल कुणाला सांगत नाही.

उतरलोच. बोपदेवच्या तिसऱ्या वळणावर.
हेल्मेटवाली एक मुलगी सूंकन पुढं गेली
आणि जाता जाता म्हणाली, आलंच, काका!
हे आपल्या पुण्याचं आलंच.
अजून दीड किलोमीटर होतं.

वर वारा आडवा.
मागं शहर, विसळायला टाकलेल्या भांड्यांसारखं
धुरकट पाण्यात अर्धं बुडालेलं,
आणि पुढं भिवरीच्या अंगाला गवत,
कार्तिकातलं गवत,
म्हाताऱ्या बैलाच्या पाठीच्या रंगाचं.

डांबर संपलं. मुरूम लागला. मग तोही संपला
आणि मी सायकलच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागलो,
शाळा सुटल्यावर चालायचो तसा.

आधी वनखात्याचं गिरिपुष्प लागलं,
हजेरीला उभ्या केलेल्या रांगा,
आत पाखरू नाही.
त्याच्यापल्याड कुणीच न लावलेलं रान:
हिवर, बोर, खुरटा खैर, पिवळा तरवड,
एकमेकांपासून अंतर राखून,
जणू सगळ्यांचीच कधीतरी भांडणं झालेली.
मध्येच एक चंडोल सरळ वर गेला
आणि दगडासारखा खाली पडला,
जमिनीला वीतभर उरली तेव्हा पुन्हा उचलला.
त्याला डोंबारी का म्हणतात
ते माझ्या मानेला कळलं.

हरवला का काय?
मायाप्पा कोळपे, घोंगडी, काठी, शंभरेक मेंढरं.
नाही म्हटलं, बघायला आलोय.
काय?
याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

मग त्यानंच दाखवलं, काठीनं:
ती पवन्याची पट्टी. ती कुसळीची, तिकडं आता जाऊ नका.
त्या धोंड्यांत एका रात्रीत अकरा मेंढ्या व्याल्या,
म्हणून ती सुईणीची टेकाडी.
अन् त्या घळीत लांडगीण असती.
माघात नेती एखादं कोकरू.
मग?
मग काय. तिलाबी पोट हाय.

तो गेला. घुंगरांचा आवाज
बराच वेळ गवतात राहिला.
मी मात्र त्या एका शब्दापाशी बसलो,
एवढी वर्षं ज्याला खराब म्हटलं
ते पोट नेमकं कुणाचं, हे
एकाही परिपत्रकात दिलेलं नव्हतं.

अर्थात कुसळीच्या पट्टीतूनच परतलो.
तिथं गवत कापून चुन्याच्या रेघा,
पांढरे खुंट, प्लॉट नऊ, प्लॉट दहा, प्लॉट अकरा.
रेघ काटकोनात होती. मोजणी चांगली झालीय,
असं आधी मनात आलं. सवय.
अकराच्या कोपऱ्यात, चुन्यात, एक पाऊल.
चार बोटं, पुढं नखं.
कुत्र्याचंही असेल.
मायाप्पा असता तर सांगितलं असतं.

घरी कुमुद म्हणाली, हे काय घेऊन आलात पायांत?
एकेक कुसळ उपटत बसलो. निघेनात.
शेवटी मोजे बादलीत टाकले
आणि पाणी लागताच ती कुसळं वळू लागली,
हळू, अगदी हळू, आपल्याच भोवती,
लोकरीत टोक खुपसत,
माती समजून.

मी स्टुलावर बसून पाहत राहिलो. नळ चालूच.
कुमुदनं तो बंद केला, वाकली,
आणि विचारलं, त्या रिकाम्या कुंडीत टाकायची का?

गॅलरीतली कुंडी. मोगरा मेल्यापासून तशीच.
क्षेत्र: वीतभर.
नांगर चालणार नाही.